म्हातारपणाचा मऊ भात



या व्यासपीठावरून गेले काही दिवस आपण मोठमोठ्या विषयांवरची व्याख्याने ऐकलीत. कोणी विश्वाच्या उत्पत्तीवर बोलले, कोणी न्यायसंस्थेवर, कोणी ज्ञानेश्वरीवर. अशा थोरांच्या पंक्तीत आम्ही आज मऊ भाताचे पातेले घेऊन येऊन बसलो आहोत. आमचा विषय ऐकल्यावर चिटणीस जरा घुटमळले आणि म्हणाले, "विषय थोडा हलका होत नाही का?" आम्ही म्हटले, "हलकाच आहे. पचायला हलका असल्याशिवाय आमच्या वयाच्या माणसाने त्याला हातच घातला नसता!"

पण श्रोतेहो, हा विषय वाटतो तितका हलका नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठ वर्षांवरील माणसे १० कोटींहून अधिक मोजली गेली. या सभागृहात ती जनगणना पुन्हा करण्याची गरज नाही. पुढल्या पाच रांगांकडे नजर टाकली की पुरे. या एवढ्या माणसांना रोज दोन वेळा भूक लागते, किंवा लागायला हवी असते. त्या भुकेला आपण घरी काय उत्तर देतो, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम एक घरची गोष्ट सांगतो. ती आमच्या चुकीची आहे, म्हणून सांगण्यासारखी आहे. वडील गेल्यावर आमच्या मातोश्री गावचे घर बंद करून आमच्याकडे राहायला आल्या. वय ७९, वजन ५२ किलो, प्रकृती खुटखुटीत. आम्ही ठरवले की आईने जन्मभर चुलीपुढे काढला, आता तिने स्वयंपाकघरात पाऊलही टाकायचे नाही. तिला आयते ताट द्यायचे. भात मऊ, भाजी शिजवून ठेचलेली, तिखट नाही, मीठ बेताचे. लोणच्याची बरणी आम्ही वरच्या फळीवर नेऊन ठेवली. आपण आईची सेवा करतो आहोत, असे आम्हांला मनापासून वाटत होते.

सात महिन्यांत आईचे वजन ४७ किलोंवर आले. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. रोग निघाला नाही. एके दिवशी दुपारी ताटातला अर्धा भात तसाच ठेवून ती उठू लागली, तेव्हा आम्ही चिडून विचारले, "आई, तुला झालंय तरी काय? भूक का लागत नाही?" ती शांतपणे म्हणाली, "अरे, भूक लागते. पण आज काय खाऊ या, असं या घरात मला कुणी विचारलेलं नाही."

आमच्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही एक छोटी विजेची शेगडी, दोन कानांचे एक हलके पातेले आणि पळी तिच्या खोलीलगतच्या ओट्यावर मांडून दिली, आणि फळीवरची बरणी खाली आणली. संध्याकाळी तिने काय केले असेल? ताकातली उकड. लसूण, हिंग, मिरची घालून. वर कच्च्या तेलाची धार. ती वाफाळती वाटी तिने चाटूनपुसून रिकामी केली. वर्षभरात वजन ५० किलोंपर्यंत परत आले. मध्यंतरी एक पातेले करपले, एकदा दूध उतू गेले, आणि मीठ तर ती आमच्यापेक्षा जास्तच घालत असे. सगळे सुरळीत झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण घरात पुन्हा एक माणूस जेवू लागले.

यावरून आम्ही विचार करू लागलो. आपल्याकडे म्हातारपणाला दुसरे बालपण म्हणतात. हे म्हणणे जेवणाच्या बाबतीत फार घात करते. बाळाला खिमटी भरवताना आपण त्याला विचारत नाही, कारण त्याच्या जिभेला अजून मत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या जिभेला सत्तर वर्षांचे मत असते. दोघांचे अन्न मऊ असले म्हणून दोघे सारखे होत नाहीत. दात जातात, चव जात नाही. निदान चवीची आठवण जात नाही.

आता त्या जिभेचेही शास्त्र थोडे पाहू. आजोबा लोणचे मागतात, आजी कैरी मागते, तेव्हा घरची मंडळी हसून म्हणतात, म्हातारपणी जीभ सुटली! खरी हकीगत उलटी आहे. वय वाढते तसे नाक मंदावते, आणि अन्नाची चव म्हणून आपण जी ओळखतो तिचा मोठा वाटा वासाचा असतो. त्यात औषधांमुळे पुष्कळांच्या तोंडाला कोरड पडते. तरुणाला जी आमटी झणझणीत लागते ती त्याच्या आजोबांना पाणचट लागते. त्यांचे मागणे हा हावरेपणा नव्हे. कमी ऐकू येणारा माणूस "मोठ्याने बोला" म्हणतो, तसेच ते आहे. आणि आपण काय करतो? पथ्याच्या नावाखाली आवाज आणखी लहान करतो. मीठ कमी करायला हवे हे खरे. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमांपेक्षा कमी मीठ सांगितले आहे. परंतु मीठ काढले तर त्या जागी काहीतरी ठेवले पाहिजे. हिंग आहे, आले आहे, जिरे आहे, लिंबू आहे, कढीपत्ता आहे, लसणीची चरचरीत फोडणी आहे. मीठ अर्धे करा, पण वास दुप्पट करा.

आपल्या जुन्या स्वयंपाकाला हे पुस्तकावाचून ठाऊक होते. मऊ भातावर मेतकूट का आले? मेतकूट म्हणजे काय, तर हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, गहू हे वेगवेगळे कोरडे भाजून, त्यांत धने, जिरे, मेथी, मोहरी, सुंठ, हिंग, हळद घालून केलेले पीठ. प्रमाण घरोघर निराळे. पण सगळा कारभार भाजण्याचा आणि वासाचा. चावायला काही नाही, आणि वासाला सर्व काही आहे. दात नसलेल्या आणि नाक मंदावलेल्या माणसासाठी याहून शहाणी वस्तू कोणी योजली असती असे आम्हांला वाटत नाही.

मऊ अन्नाची ही शहाणीव सबंध महाराष्ट्रभर पसरलेली आहे, फक्त धान्य बदलते. कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज, तिच्या जोडीला लोणचे नाहीतर खारवलेला मासा. रत्नागिरीकडच्या घरांत गुरगुट्या भात. घाटावर आणि विदर्भात ज्वारीच्या कण्या, ताकाबरोबर किंवा दुधाबरोबर. नाचणीची नाहीतर ज्वारीची आंबील. आमटीतच कणकेचे तुकडे शिजवून केलेली वरणफळे, ज्यांना कोठे चकोल्या म्हणतात. दुधात कुस्करलेली भाकरी. कोल्हापुराकडे मटण शिजवताना बाजूला काढलेले अळणी. उपासाच्या दिवशी वरईचा भात. महाराष्ट्राबाहेर गेलो तरी तेच. तमिळनाडूत कांजी आहे, आणि थेट जपानात पातळ भाताला ओकायू म्हणतात. त्याच्यावर ते खारवलेले आंबट फळ ठेवतात. आमच्या कैरीच्या लोणच्याचाच तो दूरचा भाऊ!

इथवर आम्ही मऊ भाताची वकिली केली. आता त्याच्यावरचा आरोप वाचून दाखवतो, कारण तो खरा आहे.

वय वाढते तसे स्नायू झिजतात. खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, पिशवी जड वाटते, तोल जातो, याच्या मागे पुष्कळदा ही झीज असते. ती रोखण्यासाठी हालचाल हवी आणि प्रथिने हवीत. २०१३ साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने म्हाताऱ्या माणसांसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने सुचवली. म्हणजे ५० किलोंच्या आजीला रोज ५० ते ६० ग्रॅम. आता आपल्या लाडक्या वाटीचा हिशेब मांडू. मऊ भाताला मूठभर, म्हणजे ४० ग्रॅम तांदूळ घेतला, तर प्रथिने सुमारे ३ ग्रॅम. वर चमचाभर मेतकूट, त्याचे १ ग्रॅम. तुपाचे शून्य. एकूण ४. दोन्ही वेळा हेच जेवले तर ८. मध्ये दोन वेळा चहा आणि चार बिस्किटे धरली तरी ५० चा आकडा कोठल्या कोठे राहतो. पोट भरते, डोळे मिटतात, आणि शरीर मात्र हळूहळू वितळत जाते.

म्हणून मऊ भात सोडा, असे आम्ही सांगणार नाही. सांगणे एवढेच आहे की रूप तेच ठेवा, आत भर घाला. ३० ग्रॅम तांदळाबरोबर ३० ग्रॅम मुगाची डाळ शिजवा. त्याच वाटीत ९ ग्रॅमांच्या आसपास प्रथिने येतात. शिवाय तांदळात जे घटक कमी ते डाळीत असतात आणि डाळीत कमी ते तांदळात. दोघांचा संसार चांगला होतो. सोबत दीडशे ग्रॅम दही घ्या, आणखी ५ ग्रॅम. पेलाभर दूध ६ ते ७. पोहोऱ्याचे चार चमचे डाळीचे पीठ घेऊन केलेले पिठले ६. दोन मोठे चमचे दाण्याचे कूट ५. अंडे खात असाल तर एक अंडे ६. मासे खाणाऱ्या घरात काटे काढलेला मऊ मासा याहून पुष्कळ अधिक देतो. मात्र अळणी पिणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे: नुसत्या रश्शात फारसे काही नसते, सत्त्व तुकड्यात असते. तो बारीक करून रश्शात घाला. कण्या आणि आंबील यांच्याविषयी एक गोष्ट आनंदाने सांगता येते. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तांदळाला ते स्वप्नातही जमणार नाही.

कोणी म्हणेल, हे सगळे करायचे कोणी? एकट्या माणसासाठी रोज कोण घाट घालणार? मुख्य दुखणे हेच आहे. आमच्या पाहण्यात एकट्या राहणाऱ्या पुष्कळ वृद्धांचे रात्रीचे जेवण चहा आणि खारी एवढ्यावर येऊन ठेपलेले आहे. कारण गरिबी नव्हे. कारण हे की पाच माणसांचा स्वयंपाक करायला शिकलेल्या हाताला एका माणसाचा स्वयंपाक करता येत नाही, आणि मनाला तो करावासा वाटत नाही. म्हणून तीन पदार्थ एका माणसाच्या मापाने सांगतो. वह्या काढल्या नाहीत तरी लक्षात राहतील.

पहिली मऊ खिचडी. पाव वाटी तांदूळ, पाव वाटी मुगाची डाळ, तीन वाट्या पाणी, चिमूट हळद, हिंग, जिरे, किसलेले आले, बेताचे मीठ. दीड-दोन लिटरच्या लहान कुकरात चार-पाच शिट्या. वरून चमचाभर तूप. यात मूठभर चिरलेला दुधी नाहीतर लाल भोपळा टाकला की भाजी निराळी करायला नको.

दुसरी उकड. अर्धी वाटी तांदळाचे पीठ, त्यात दोन चमचे डाळीचे पीठ. एक वाटी आंबट ताक आणि अर्धी वाटी पाणी यांत ते गुठळी न ठेवता कालवावे. तेलाची फोडणी करावी, तीत मोहरी, हिंग, हळद, मिरची, लसूण, कढीपत्ता. त्यावर कालवलेले पीठ ओतून ढवळत राहावे, घट्ट होऊ लागले की झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सात मिनिटे वाफ आणावी. सगळे मिळून पंधरा-वीस मिनिटांचे काम, आणि घासायला एकच पातेले.

तिसरी आंबील. दोन मोठे चमचे नाचणीचे पीठ रात्री ताकात भिजवून ठेवावे. सकाळी दोन वाट्या पाण्याला उकळी आणून त्यात ते ढवळत सोडावे, पाच-सात मिनिटे चांगले शिजू द्यावे. मीठ, जिरेपूड, ठेचलेली लसूण. सकाळच्या चहाबरोबर पोटात काहीच जात नसेल तर हे जाते.

हे सांगताना चार इशारेही द्यायला हवेत. मऊ शिजलेला भात रक्तातली साखर लवकर चढवतो. मधुमेह असलेल्यांनी डाळ वाढवावी, तांदूळ घटवावा आणि वाटी लहान घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आम्ही सांगितलेला प्रथिनांचा हिशेब आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लागू करू नये. अर्धांगाच्या झटक्यानंतर गिळायला त्रास होत असेल तर पातळ तेच सोपे असे समजू नका. पाण्यासारखी पेज चुकीच्या वाटेने जाऊन ठसका लागतो, दाटसर घास पुष्कळदा अधिक सुरक्षित असतो. याचाही सल्ला जाणकाराकडून घ्यावा. आणि उरलेला भात दिवसभर ओट्यावर ठेवून रात्री फोडणी देऊ नका. त्यात वाढणारे काही जंतू असे विष तयार करतात की ते पुन्हा तापवूनही जात नाही. भात उरला तर तो लवकर निववून शीतकपाटात ठेवावा. याशिवाय, प्रयत्न न करता सहा महिने-वर्षात वजन शंभरात पाचाने उतरले, म्हणजे ५० किलोंचे साडेसत्तेचाळीस झाले, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

आता सभागृहातील पुरुष मंडळींशी दोन शब्द. त्यांना ते रुचतील की नाही कोण जाणे. आमच्या पिढीच्या पुरुषांना स्वयंपाकघर म्हणजे पाणी पिण्याची जागा एवढेच ठाऊक होते. आमच्या शेजारचे एक निवृत्त गृहस्थ पत्नी गेल्यावर तीन महिने डब्यावर राहिले. डबा तेलकट, पोळी वातड. मग डबा बंद करून त्यांनी चहा-खारी सुरू केली. एकदा आमच्या मातोश्रींनी त्यांना बोलावून घेतले आणि म्हणाल्या, "भाऊ, उद्या सकाळी या. मी बसते, तुम्ही करा." ते आले. आई खुर्चीवर बसून सांगत होती, आणि बँकेत लाखांचे हिशेब चोख केलेला माणूस अर्ध्या वाटी पिठातल्या गुठळ्या मोडत होता. पहिली उकड करपली. दुसरी कच्ची राहिली. तिसरी त्यांनी झाकून आमच्याकडे आणून दिली. ती आईने खाल्ली आणि "हिंग कमी पडलाय" एवढेच म्हणाली. त्यांना तो शेरा बढतीच्या हुकुमासारखा वाटला. आजही ते आपले आपण शिजवून जेवतात.

म्हणून नवरेमंडळींनो, पत्नी हयात आहे, दोघांचे हात चालते आहेत, तोवर शिका. तुमची भाकरी तुमच्या मरेपर्यंत कोणीतरी थापील, हा हिशेब अनेक घरांत चुकतो. आणि भगिनींनो, स्वयंपाकघरात लुडबुड करू नका असे त्यांना हाकलून लावू नका. करपू द्या एखादे पातेले.

घरच्या मुलासुनांना आमची विनंती याहून लहान आहे. आई-वडिलांचे पथ्य सांभाळा, औषधे वेळेवर द्या, पण दिवसातून एकदा विचारा, "आज काय खावंसं वाटतं?" शेगडीची भीती वाटत असेल तर आपोआप बंद होणारी शेगडी मिळते, हलकी भांडी मिळतात. हात थरथरत असतील तर त्यांना लसूण सोलू द्या, ताक घुसळू द्या. फोडणी तुम्ही द्या, पण हिंग किती ते त्यांना सांगू द्या. आणि शक्य असेल तर त्यांच्याबरोबर बसून जेवा. एकट्याचे ताट लवकर उरकते आणि लवकर लहान होते.

आपल्यात म्हण आहे, दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. आपल्या आजीपणजींनी या म्हणीला कधीच उत्तर देऊन ठेवले आहे: चणे भाजा, दळा, मेतकूट करा, आणि भातावर घ्या. दैवाने दात नेले तर नेले. चणे सोडायचे कारण नाही.

आमच्या मातोश्री गेल्या त्याला आता चार वर्षे झाली. शेवटच्या आठवड्यापर्यंत रोज सकाळी "आज काय?" हा प्रश्न आम्ही त्यांना विचारत होतो, आणि रोज उत्तर मिळत होते. पहिले सात महिने तो विचारला नाही, ही चूक मात्र आता दुरुस्त होण्यासारखी नाही. आपल्यापैकी ज्यांची दुरुस्त होण्यासारखी आहे त्यांनी आज रात्री घरी गेल्यावर, चप्पल काढताकाढता, तो प्रश्न विचारावा. एवढे झाले तर आमच्या मऊ भाताचे सार्थक झाले.

 जेवणाची वेळ टळत आली आहे, तेव्हा आपल्याला अधिक अडवून ठेवणे आजच्या विषयालाच सोडून होईल.